गुहेच्या तोंडाला दार बसवण्यापूर्वी

लोखंड मागवण्याआधी, गुहेतली वटवाघळं किंवा चित्रं जपायला दार खरंच हवं का, ते तपासा. पायवाट मोडणं, ठरावीक महिन्यांपुरती बंदी, मालकाच्या परवानगीने प्रवेश एवढ्यावर भागत असेल तर दार नकोच. दार लागलं की आत काहीतरी मोलाचं आहे ही जाहिरात आपोआप होते. चित्रं असलेल्या गुहेत तर परवानगीने येणाऱ्यांचा आकडाही बांधून घ्यावा लागतो. फ्रान्समधली प्राचीन चित्रांची लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. तिथे नुकसान केलं ते पाहुण्यांच्या श्वासाने, ओलाव्याने आणि दिव्यांनी.

दार ठरलंच, तर जागेच्या मालकाची लेखी संमती आणि लागू असतील त्या खात्यांच्या परवानग्या घ्या. शक्य असेल तर आधी वर्षभर तोंडाशी आणि आत खोलवर तापमान-आर्द्रतेचे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं) ठेवा आणि जागांच्या खुणा करा, कारण नंतरची मोजणी तिथेच करायची आहे. वटवाघळांच्या जाती कोणत्या, ती कधी येतात, किती असतात, हे संध्याकाळी बाहेर पडताना मोजा. पिल्लं वाढवणाऱ्या मोठ्या वसाहती पूर्ण तोंड झाकणारी पट्ट्यांची जाळी सहसा सोसत नाहीत. तिथे वरून उडायला जागा सोडणारं अर्धं दार किंवा तोंडापासून दूर कुंपण बरं.

जागा निवडताना सगळ्यात अरुंद जागा टाळा. दाराशी वेग मंदावलेलं वटवाघूळ तिथे साप-घुबडांच्या आयतं हाती लागतं. आडव्या पट्ट्यांमधली मोकळी फट १४६ मिलिमीटर ठेवा, वटवाघळांसाठीच्या दारांचं हे रूढ माप आहे. उभे खांब शक्यतो १.२ मीटर अंतरावर घ्या, दाट उभे गज उड्डाण अडवतात. आडव्या पट्ट्यांसाठी १०० मिलिमीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा अँगल (एल आकाराचं लोखंड) चालतो. दार खडकाला धरून ठेवणाऱ्या २५ मिलिमीटरच्या सळया अखंड खडकात २० ते ३० सेंटिमीटर खोल बसवा. ठिसूळ दरडीत बसवलेली सळई पहारीने उपटते. खाली काँक्रीटची भिंत उठवू नका. तळाशी वाहणारी थंड हवा अडून आतलं हवामान बदलतं. माती मऊ असेल तर पाया जमिनीखाली उतरवा, कारण लोक दार तोडण्यापेक्षा खणून आत शिरतात. पुराचं पाणी शिरणाऱ्या गुहेत पालापाचोळा जाळीत अडकून बांध तयार होतो, तिथे कचरा काढण्यासाठी दार पूर्ण उघडणारं करा.

प्रवेशाची जागा स्ट्रेचर आडवं जाईल एवढी ठेवा. कुलूप पोलादी पेटीत लपवा, आतूनही उघडता येईल अशी सोय करा. कुलूप मुद्दाम सर्वात कमकुवत दुवा ठेवा: फोडलं तर नवीन आणता येतं, कापलेले अँगल जोडणं महाग. किल्ल्यांना क्रमांक द्या, नोंदवही ठेवा, एक किल्ली बचाव पथकाकडे असू द्या.

काम वटवाघळं नसतील त्या काळातच. गॅल्व्हनाइज्ड लोखंड वेल्डिंगला आणू नका, जस्ताचा धूर घातक असतो. जनरेटर बाहेर, वारा गुहेकडून ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर आत खेचला जाणार नाही. खाली ताडपत्री अंथरा, वेल्डिंगचे तुकडे उचला.

कारण आणि संपर्क सांगणारी पाटी दाराच्या आत, बाहेरून हात पोचणार नाही पण वाचता येईल अशी लावा. दर काही महिन्यांनी कुलपाला तेल घाला, पाया खणलेला आहे का पाहा, लॉगरची नोंद उतरवून आधीच्या वर्षाशी ताडून पाहा. आकडे सरकलेले दिसले तर आधी तळाशी साठलेला कचरा काढा, मग दाराच्या रचनेत बदल करा.