इलेक्ट्रॉनव्होल्ट ते युनिट: ऊर्जेची एककं बदलताना या चुका टाळा

बारावीच्या भौतिकशास्त्रात सूत्र बरोबर, दिलेले आकडे बरोबर आणि उत्तर मात्र १०^३७ पटींहून जास्त चुकलेलं, असं सहज होऊ शकतं. गुणायचं तिथे भागलं किंवा भागायचं तिथे गुणलं, एवढंच त्याचं कारण. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.६०२ × १०^−१९ ज्यूल. घात ऋण असल्यानं भागाकारानं आकडा वाढतो, आणि तिथेच गडबड होते. म्हणून पेन टेकवण्याआधी बघा: ज्या एककात जायचंय ते लहान की मोठं? एकक लहान, तर आकडा मोठा.

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी तिला टिपता येतात. त्यातल्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या एका कणाची, ऊर्जा ९.४ × १०^−२५ ज्यूल. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ज्यूलपेक्षा लहान, म्हणून १.६०२ × १०^−१९ नं भागायचं. उत्तर ५.९ × १०^−६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण २ ते ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि रेडिओ लहरींची त्याहून खूपच कमी, म्हणजे उत्तर पटण्यासारखं आहे. चुकून गुणलं असतं, तर १.५ × १०^−४३ आलं असतं.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावं लागतं. १.६ × १०^−१९ चा लॉग ‘बार १९ पॉइंट २०४१’. बार म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची ऋण दाखवणारी रेघ. ती फक्त १९ वर असते, पुढचा .२०४१ धनच राहतो. सगळ्यालाच ऋण चिन्ह देऊन −१९.२०४१ लिहिलं, की अँटिलॉग ६.२५ × १०^−२० येतो. मला ही चूक पहिलीपेक्षा घातक वाटते, कारण उत्तर जेमतेम अडीच पटींनी सरकतं आणि अंदाजानं तपासताना निसटून जातं.

एककाआधी लागणाऱ्या मिलि (m) आणि मेगा (M) यांत १०^९ पटींचा फरक आहे. चिन्हातला ‘एम’ लहान की मोठा, एवढं नीट पाहा.

मोठ्या एककांकडे आलं, की घोळ वेगळा. वीजबिलातलं १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. याला ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणू नका. इथे शक्तीला वेळेनं गुणलेलं असतं, भागलेलं नाही. किलोवॅट ही शक्ती, किलोवॅट-तास ही ऊर्जा. वीजनिर्मितीच्या बातम्यांत ‘मिलियन युनिट’ येतं आणि आपण लाख-कोटीत विचार करतो, त्यामुळे एखादं शून्य हमखास हरवतं. लाख १०^५, मिलियन १०^६, कोटी १०^७. आधी सगळं घातांकात लिहा, मग ज्यूलमध्ये आणा आणि तिथून हव्या त्या एककात जा. १ मिलियन युनिट म्हणजे ३.६ × १०^१२ ज्यूल.

रसायनशास्त्रात आणखी एक प्रश्न विचारायचा: ऊर्जा एका अणूची आहे की एका मोलची, म्हणजे ॲव्होगाड्रो अंकाइतक्या (६.०२२ × १०^२३) कणांची? एका कणामागे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे मोलमागे ९६.५ किलोज्यूल. हायड्रोजनची आयनन ऊर्जा अणूमागे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. मोलमागे ती १३१२ किलोज्यूल यायला हवी. वेगळं काही आलं, तर ॲव्होगाड्रो अंकानं गुणायचं राहिलंय का, ते पाहा.