मोठ्या संख्येचे गुणधर्म तपासताना या चुका टाळा

विभाज्यतेच्या कसोट्या शिकवून झाल्या की मी विद्यार्थ्यांना एकच संख्या देतो: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७वा घात वजा १, आणि तिच्याबाबत दरवर्षी ठरलेल्याच चुका होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे संख्या थेट स्प्रेडशीटमध्ये टाकणे. एका विद्यार्थ्याने तिला २, ३ आणि ५ या तिन्हींनी भाग जातो असे मोठ्या विश्वासाने लिहून आणले होते. २ च्या घातातून १ वजा केल्यावर सम संख्या येईलच कशी, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. स्प्रेडशीट पहिले पंधराच अंक जपते व पुढे शून्ये भरते, त्यामुळे त्याच्यासमोर १४७५७३९५२५८९६७६०००००० ही निराळीच संख्या होती. तिच्या अंकांची बेरीज ८४ येते, म्हणून ३ ने भाग जातो; मूळच्या संख्येची बेरीज १०९ आहे, तिला जात नाही. त्याचे गणित बरोबर होते, संख्याच चुकीची होती. म्हणून मी आजही मोठी संख्या आधी चौकटीच्या वहीत उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून उतरवतो आणि शेजारी एकूण अंक किती ते लिहितो.

या गटांचा आणखी एक उपयोग आहे. उजवीकडून ते आळीपाळीने मिळवले आणि वजा केले, म्हणजे ९२७ − ४१२ + ६७६ − ५८९ + ९५२ − ५७३ + १४७, की ११२८ उरतात. ११२८ ला ७, ११ आणि १३ ने भागल्यास अनुक्रमे १, ६ आणि १० बाकी राहते. दिलेल्या संख्येचीही बाकी तीच. एका ओळीत तीन कसोट्या होत असताना कॅल्क्युलेटरकडे धाव घेण्याची घाई मला पटत नाही.

घातांक ६७ मूळ आहे (१ आणि स्वतःखेरीज त्याला भाजक नाही) म्हणून ही संख्याही मूळ, असे मानू नका. ११ ही मूळच आहे, पण २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

लहान भाजक संपताच संख्येला मूळ ठरवणे ही तर अधीरपणाची हद्द आहे. हिचे वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी ८० लाख आहे; शंभरपर्यंत भागून पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये हिला मूळ म्हटले होते. फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये ती संयुक्त, म्हणजे मूळ नसल्याचे दाखवले, पण अवयव हाती आले नव्हते. ‘संयुक्त आहे’ आणि ‘अवयव सापडले’ ही दोन वेगळी विधाने आहेत, ती एकमेकांत मिसळू नयेत. अवयव १९०३ मध्ये अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

सरसकट भागत सुटू नका. हिचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. १९३७०७७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागा, १४४५५८० पूर्ण येतात.