बीपीची अर्धी गोळी हाही आजारच! परदेशी निघताना प्रवास विम्यात या चुका टाळा

आंब्याचा सीझन आटोपला की कुडाळ-सावंतवाडीकडच्या बऱ्याच घरांत मुलाकडे दुबईला नाहीतर लेकीकडे लंडनला जायची गडबड सुरू होते. लोणचं, कोकमं, कुळथाचं पीठ यांची यादी महिनाभर आधी होते. विमा मात्र तिकिटाबरोबर एजंट 'टाकून देतो'. आमच्या काकांचाही तसाच टाकला होता.

एजंटाने फोनवर विचारलं, जुना काही आजार आहे का? काका म्हणाले, "माका कसलो आजार? बीपीची अर्धी गोळी घेतंय, तो काय आजार झालो?" झालं, 'नाही'वर टिक. दुबईत दहाव्या दिवशी छातीत दुखायला लागलं. इस्पितळात नर्सने विचारलं, बीपी कधीपासून? काकांनी अभिमानाने सांगितलं, बारा वर्षं, एक दिवस गोळी चुकवली नाही! चुलतभावाने ते इंग्रजीत सांगितलं, तिने केसपेपरवर लिहून घेतलं. तोच केसपेपर क्लेमच्या कागदांबरोबर विमा कंपनीकडे गेला आणि क्लेम फेटाळला गेला. बिल चुलतभावाने भरलं.

आजार लपवला की कंपनी तो शोधून काढते असं लोकांना वाटतं. शोधावं लागतच नाही. दवाखान्यात आपण खरं बोलतो, बोलायलाच हवं, आणि ते आपल्याच तोंडून कागदावर येतं. मग फॉर्मवर वेगळं लिहून काय साधणार?

फॉर्म स्वतः भरा

'आजार' म्हणजे अंथरुणाला खिळवणारं दुखणं, ही आपली व्याख्या. कंपनीच्या लेखी रोजची गोळी चालू असली, कधी निदान झालं असलं, तर तो आजारच. थोडीशी साखर, थायरॉईड, दमा, पाच वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट, सगळं लिहा. साखर औषधाने ताब्यात आहे म्हणजे साखर नाही असं होत नाही. फॉर्म भरल्यावर गोळीचा डोस बदलला किंवा डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली, तर निघण्यापूर्वी तेही कळवा. एजंटाने भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घेऊन एकदा वाचा. प्रीमियम वाढेल, एखादी कंपनी नाहीच म्हणेल. तसं असेल तर ते इथे घरी बसून कळलेलं बरं.

पहिल्या पानावरच्या आकड्याला भुलू नका

पॉलिसीवर 50 हजार डॉलर छापलेले असतात, आणि जुन्या आजाराची ओळ मात्र आतल्या पानावर असते. काही पॉलिसींत जुना आजार साफ वगळलेला असतो. काहींत तो फक्त जीवावर बेतलं तरच धरतात, तेही ठराविक सब-लिमिटपर्यंत (एकूण रकमेतला त्यासाठी ठरवलेला छोटा हिस्सा) आणि तब्येत स्थिर होईपर्यंत. पुढचे उपचार भारतात येऊन करा म्हणतात. काहींत आधी कळवलेला आजार जादा प्रीमियम घेऊन नीट धरतात. तुमची पॉलिसी या तिघांतली कुठली, हे एजंटाला तोंडी विचारू नका, ईमेलने विचारा. युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं. ती व्हिसाची अट आहे. तेवढा विमा काढला म्हणजे तुमचं हृदय त्यात आलं असं नव्हे.

आणखी एक गल्लत. घरच्या आरोग्य विम्यात जुन्या आजारासाठी आता जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. हा हिशेब प्रवास विम्याला लावू नका, तिथे त्या पॉलिसीत जे लिहिलंय तेच खरं.

देशातल्या देशातही हाच घोळ होतो. कोकणकन्येचं ऑनलाइन तिकीट काढताना 45 पैशांच्या विम्यावर टिक करतो आणि निर्धास्त होतो. तो विमा रेल्वे अपघातासाठी आहे. गाडीत साखर उतरून चक्कर आली तर तो उपयोगाचा नाही.

हिंगाची डबी घरीच ठेवा

काकू गोळ्या पट्ट्यांतून सोडवून हिंगाच्या पिवळ्या डबीत भरते, सामान आटोपशीर होतं म्हणे. दुबईच्या डॉक्टरने ती डबी उघडून हातावर ओतली: तीन पांढऱ्या गोळ्या, दोन गुलाबी, आणि हिंगाचा घमघमाट. कुठली कशाची, कोणालाच सांगता येईना. गोळ्या मूळ पट्टीतच न्या. डॉक्टरांकडून सहीशिक्क्याची चिठ्ठी घ्या आणि तीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं. आपल्याकडचा ब्रँड तिकडे कोणी ओळखेलच असं नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती घेत असाल तर परवान्याची चौकशी आधी करा. इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात ते गोठून वाया जाऊ शकतं.

पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच काढायची असते. तिच्यावरचा मदत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये भरून ठेवा आणि दाखल होताच फोन करायला सांगा, बिल हातात आल्यावर नव्हे. कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट इस्पितळाला भरायची, सोय त्या फोनवरच ठरते. डिस्चार्ज पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट आणि पैसे भरल्याच्या पावत्या मूळ प्रतीत घेऊनच परत या. इथून मागवायचं म्हटलं तर वेळ जातो.

क्लेम फेटाळला तर

फोनवर हुज्जत घालू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. पाय घसरून हाड मोडलं आणि नकार साखरेच्या नावाने आला असेल, तर दोन्हींचा संबंध नाही असं डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते. पुढे विमा लोकपाल आहेत: 50 लाखांपर्यंतचे वाद, फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षभराच्या आत जायला हवं.

काका परत आल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता फॉर्म मीच लिवतलंय. सही तर माझीच आसा."