ब्लूज रॉकचा अल्बम करायचाय? आधी ड्रमर शोधा

अल्बम करायचा ठरलं की पहिले आठ दिवस लोक पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची यंत्रं) बघण्यात घालवतात. पेडल राहू द्या, आधी शफल नीट वाजवणारा ड्रमर शोधा. शफल म्हणजे बीटचे तीन भाग आणि त्यातला पहिला नि तिसरा वाजवायचा, कागदावर सोपं आहे, पण तो तिसरा किती रेंगाळू द्यायचा हे ज्याच्या हातात बसलंय तोच अल्बम तारून नेतो.

गाणी निवडताना एक बघा, सगळी बारा बारची (बार म्हणजे ठेक्यांचा एक गट) आणि सगळी ई मध्ये, म्हणजे एकाच पट्टीत, असतील तर चौथ्या गाण्याला ऐकणारा जांभया देतो. एखादं मायनरमधलं संथ घ्या, एखादं एकाच कॉर्डवर घुमणारं रिफवालं (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), एखादं आठ बारचं. आठ-दहा गाणी पुरे. बेंड मारताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, बोटं सोलवटत असतील तर गिटार अर्धा सूर उतरवा, ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन जाड तारा लावून हेच करायचा, गाणाऱ्याच्या गळ्यालाही सुटका मिळते.

आता मुद्द्याचं. एकत्र वाजवून रेकॉर्ड करा. आम्ही पहिल्या वेळी शहाणपणा करून सगळं क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वेगवेगळं वाजवलं, चार महिने घासलं, चूक एकही नाही आणि जीवही नाही, शेवटी फेकून दिलं. वॉनचा १९८३ साली आलेला पहिला अल्बम दोन-तीन दिवसांत वाजवून झाला होता, अर्थात तयारी त्याआधी कैक वर्षांची.

ब्लीडला, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरण्याला, घाबरू नका. गिटारच्या अँपचं (अँप्लिफायरचं) तोंड ड्रमपासून फिरवा, मध्ये जाड गादी उभी करा, बस. फक्त हे लक्षात असू द्या की गिटारची चूक नंतर पुसता येत नाही, ड्रमच्या माईकमध्ये तिचं भूत राहतंच, म्हणून अख्खा टेक घ्यायचा, म्हणजे गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवायचं. पाचव्या टेकनंतरही जमत नसेल तर गाणं सोडा, दुसरं घ्या.

ड्रमला चार माईक पुष्कळ झाले, किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), स्नेअर (मधला करकरीत वाजणारा), एक डोक्यावर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या ड्रमच्या) बाजूला. शेवटच्या दोघांचं स्नेअरच्या मधोमधपासूनचं अंतर दोरी लावून सारखं करा, खरंच दोरी, अंदाजाने नाही, नाहीतर स्नेअर पोकळ आणि पत्र्यासारखा वाजतो.

गिटारला ५ ते १५ वॉटचा ट्यूब अँप घ्या आणि ट्यूब स्वतःहून करकरायला लागेपर्यंत व्हॉल्यूम चढवा. १९६६ मध्ये गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडसोबत रेकॉर्ड करताना मार्शल कंपनीचा अँप असाच मोठ्याने वाजवायचा हट्ट धरला होता, स्टुडिओतल्या लोकांना ते अगदीच नवं, पण तोच आवाज पुढे सगळ्यांना हवा झाला. गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण ठरवणारं बटण) मात्र मनात येईल त्याहून कमी, जास्त केला की बोटांचा जोर ऐकूच येत नाही. एसएम ५७ हा माईक स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखा. फार टोचतंय? बाहेरच्या बाजूला इंचभर सरकवा, ईक्यूला (आवाजातलं जाड-बारीक कमीजास्त करण्याच्या बटणांना) हात लावू नका, त्या इंचात सगळं आहे.

बेस सरळ डीआयने, म्हणजे माईक न लावता वायरने थेट, घ्या. गाणं नंतर गायलं तरी चालतं. हार्मोनिका असेल तर ई मधल्या गाण्याला ए ची घ्यायची, ई ची आणून बसाल तर ती ब्लूज सहसा बोलत नाही.

रेकॉर्डिंगची लेव्हल चढवायचा मोह नको, पीक उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. मिक्स करताना ड्रमची बीट ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेघांवर) ओढू नका, ज्याच्यासाठी ड्रमर शोधला तेच पुसून टाकाल. मास्टरिंगला (मिक्सवरच्या शेवटच्या कामाला) पाठवताना मास्टर चॅनलवरचा लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर दाबून धरणारं साधन) काढून २४ बिटची फाईल द्या, आणि व्हिनाइल काढायचं असेल तर एका बाजूला साधारण २० मिनिटंच बसवा, त्यापुढे आवाज बारीक करून कापावा लागतो, मग तो मेहनतीचा शफल दबतो.