दोन आउटबोर्डच्या होडीची बॅटरी जोडणी
होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या (आउटबोर्ड) दोन इंजिनांना दोन स्वतंत्र स्टार्टिंग बॅटऱ्या द्या. जीपीएस, फिशफाइंडर, दिवे तिसरीवर. तिन्हींचे निगेटिव्ह मात्र एकमेकांना जोडायचेच, तेही स्टार्टरच्या केबलइतक्याच जाड केबलने. हे टाळू नका: एका इंजिनाची निगेटिव्ह सैल झाली की स्टार्टरचा करंट बारीक वायरिंगमधून परततो आणि हार्नेस (इंजिनाच्या वायरांचा जुडगा) जळतो.

तिसरी बॅटरी व्होल्टेज सेन्सिंग रिलेवरून (स्टार्टिंग बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा चढला की आपोआप जोडणारा स्विच) चार्ज होऊ द्या. तिच्या पॉझिटिव्हवर १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. बिल्ज पंपाचा (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा स्विच, मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजमधून; म्हणजे मेन स्विच बंद असतानाही पंप चालेल. इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करू नका, रेक्टिफायर (इंजिनाची वीज बॅटरीजोगी डीसी करणारा भाग) जातो.

मांडवीच्या खाऱ्या हवेत साधं तांबं हिरवं पडतं. कथिलाचा मुलामा दिलेलीच केबल घ्या. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बॅटरी १२.४ व्होल्टखाली उतरण्याआधीच चार्ज करा.