युरोपातल्या तळ्यांकाठी चालायला जाताय? या चुका टाळा

युरोप सहलीतली तळ्याची भेट बहुतेक वेळा दीड-दोन तासांत उरकते. बस थांबते, सगळे काठापर्यंत जातात, फोटो काढतात, एक कॉफी होते आणि गाईड परत बोलावतो. व्हिसाची धावपळ सोसून, एवढा खर्च करून तिथे पोचलेला माणूस तळ्याची एकच बाजू बघून परततो, याची मला खरोखर हळहळ वाटते. आल्प्समधली तळी चालत बघायची असतात. ऊन सरकलं की पाण्याचा रंग पालटतो आणि काठाचं एक वळण ओलांडलं की समोर वेगळाच डोंगर उभा राहतो. त्यासाठी एक पूर्ण दिवस हवा, आणि जमलं तर काठावर एक रात्र.

आता चुकांकडे वळू. वेळ कमी देणं ही सगळ्यांत मोठी, बाकीच्या त्या त्या जागेच्या.

ब्लेड: भर दुपारी येणं आणि काठावरूनच फोटो काढणं

स्लोव्हेनियातलं ब्लेड सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं: मध्ये बेट, बेटावर चर्च, मागे कड्यावरचा किल्ला. पर्यटकांच्या बस इथे साधारण अकरापासून चारपर्यंत ओतत असतात. तळ्याभोवतीची प्रदक्षिणा सुमारे ६ किलोमीटरची, जवळजवळ सपाट. रमतगमत चाललं तरी दोन तासांत होते. ती सकाळी आठच्या आधी सुरू करा. त्या वेळी वाट मोकळी असते आणि वारा नसेल तर किल्ल्याचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. बेटावर जायचं असेल तर 'प्लेतना' नावाची छत घातलेली लाकडी होडी आहे, नावाडी उभ्याने वल्ही मारतो. उतरल्यावर ९९ दगडी पायऱ्या चढल्या की चर्च.

कॅलेंडरवर असतं तसं बेटाचं दृश्य मात्र काठावरून दिसत नाही आणि लोक हिरमुसतात. ते दिसतं तळ्याच्या पश्चिम टोकाजवळच्या माला ओसोइनित्सा या टेकडीवरून. तळं समुद्रसपाटीपासून ४७५ मीटरवर, टेकडी ६८५ मीटरवर, म्हणजे चढ दोनशे मीटरचा. सह्याद्रीत भटकणाऱ्याला तो किरकोळ वाटेल, पण वरच्या टप्प्यात लोखंडी जिना आहे आणि पावसानंतर झाडांची मुळं व चुनखडीचे दगड चांगलेच निसरडे होतात. चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून जाऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर शेजारची ओइस्त्रित्सा गाठा. ती ६११ मीटर उंच आहे, वर एक बाक आहे आणि दृश्य जवळजवळ तितकंच सुंदर.

स्टेशनचाही घोळ होतो. राजधानी लुब्लियानाहून येणाऱ्या मुख्य मार्गावरचं स्टेशन आहे लेस्त्से-ब्लेड, आणि ते तळ्यापासून सुमारे ४ किलोमीटर लांब आहे. ब्लेड येझेरो हे दुसरं स्टेशन तळ्याच्या पश्चिमेला, वेगळ्या रेल्वेमार्गावर. सामान बरोबर असेल तर लुब्लियानाहून सरळ बस पकडा. ती गावात सोडते.

बोहीन: चुकीच्या थांब्यावर उतरणं, चुकीच्या काठाने चालणं

ब्लेडपासून २६ किलोमीटरवर बोहीन आहे आणि माझ्या लेखी ते ब्लेडहून सरस आहे. ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानातलं हे तळं सुमारे ४ किलोमीटर लांब. स्लोव्हेनियातल्या बारमाही नैसर्गिक तळ्यांत सगळ्यांत मोठं. बेट नाही, किल्ला नाही. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये पाणी, एवढंच. म्हणूनच अनेकजण ते यादीतून कापतात किंवा ब्लेडला जोडून तासाभरात आटपतात.

पहिली गफलत नावांची. आगगाडी बोहिन्स्का बिस्त्रित्सा या गावात सोडते. नावात बोहीन असलं तरी तळं तिथून आणखी ६ किलोमीटर पुढे आहे. बोहिन्स्का बेला हे तर त्याहून वेगळं, ब्लेडजवळचं गाव. खोली आरक्षित करताना नकाशा उघडून बघाच. तळ्याकाठी राहायचं असेल तर दोन नावं लक्षात ठेवा: पूर्व टोकाला रिब्चेव लाझ आणि पश्चिम टोकाला उकांत्स. जवळचं स्तारा फुझिना हेही सुरेख गाव आहे, तिथून मोस्तनित्सा घळीची वाट सुरू होते. बसने जात असाल तर चालकाला 'बोहीन' एवढंच सांगू नका, थांब्याचं नाव सांगा.

दुसरी गफलत काठाची. तळ्याला पूर्ण फेरी सुमारे १२ किलोमीटरची, चार तास सहज जातात. दक्षिण काठाला मोटाररस्ता आहे आणि वाट बऱ्याच ठिकाणी त्याला चिकटून जाते. उत्तर काठाला रस्ता नाही. तिथे बीच वृक्षांचं जंगल आहे, मधे मधे गोट्यांचे छोटे किनारे आहेत, आणि आवाज येतो तो फक्त पाण्याचा नि पाखरांचा. वेळ किंवा ताकद अर्धीच असेल तर रिब्चेव लाझच्या दगडी पुलावरून, सेंट जॉनच्या जुन्या चर्चला वळसा घालून उत्तर काठ धरा, उकांत्सपर्यंत चाला आणि परत येताना होडी किंवा बस घ्या. होडी हंगामातच चालते, तेव्हा निघण्याआधी धक्क्यावरची शेवटच्या फेरीची वेळ वाचून घ्या. हुकली तरी घाबरायचं कारण नाही. दक्षिणेच्या रस्त्याने चालत परत येता येतं, फक्त अंधारात गाड्यांपासून जपायचं.

उकांत्सहून पुढे साविट्सा धबधब्याला जायचं असेल तर तोही वेळ हिशोबात धरा. तळ्यापासून पायथ्यापर्यंत तासाभराची वाट आणि मग पाचशेहून अधिक पायऱ्या. ७८ मीटरवरून पडणाऱ्या त्या पाण्याला वरच्या एका दुसऱ्या धारेची जोड आहे, त्यामुळे इंग्रजी ए अक्षरासारखा आकार दिसतो. तळ्याची पूर्ण फेरी, धबधबा आणि फोगेल पर्वताची रोपवे असं सगळं एका दिवसात कोंबू नका. हा भाग युरोपातल्या अतिशय पावसाळी भागांपैकी आहे. रोपवेसाठी आभाळ मोकळं असेल तो दिवस ठेवा, ढगाळ दिवशी धबधबा आणि मोस्तनित्साची घळ बघा. घळीतलं हिरवं पाणी पावसाळी उजेडातही तितकंच देखणं दिसतं.

कोनिगझे: काठाने परत येऊ, या भरवशावर राहणं

जर्मनीतल्या बव्हेरियातलं कोनिगझे उंच कड्यांमध्ये अडकलेलं तळं आहे. कडे इतके सरळ पाण्यात उतरतात की तळ्याला फेरी मारणारी वाटच नाही. आत जायला होडी लागते, आणि पाणी व शांतता जपण्यासाठी इथे १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या होड्या आहेत. वाटेत होडी थांबते, कर्मचारी कड्याकडे तोंड करून तुतारी वाजवतो आणि प्रतिध्वनी ऐकवतो. लाल घुमटांचं सेंट बार्थोलोमे चर्च लागलं की बरेचजण तिथेच उतरतात आणि तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. तिकीट झालेट या शेवटच्या थांब्यापर्यंतचं काढा. तिथून वीस मिनिटांच्या आत ओबरझे हे मागचं छोटं तळं येतं. त्याच्या काठाने पुढे खडकाळ, काही ठिकाणी उघड्या वाटेने गेलात की फिशुंकेलआल्म या कुरणावर पोचता. झालेटपासून साधारण तासाभराची चाल.

हा सगळा बेत होडीच्या वेळेवर टांगलेला असतो. उन्हाळ्यात दुपारी परतीसाठी झालेटच्या धक्क्यावर लांब रांग लागते. शेवटच्या होडीच्या आशेवर न राहता तिच्या आधीच्या एक-दोन फेऱ्यांचं लक्ष्य ठेवा. हिवाळ्यात होड्या सेंट बार्थोलोमेपर्यंतच जातात, झालेट बंद असतं. हे न बघता डिसेंबरात ओबरझेचा बेत आखणारे निराश होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. याच तळ्यावरच्या कोनिग्सबाख धबधब्यात कड्याच्या टोकाला एक नैसर्गिक डोह आहे. त्याचे फोटो समाजमाध्यमांवर इतके फिरले की लोक तिथे रांगा लावू लागले. २०१९ मध्ये तिथे दोन तरुण बुडून गेले. सततच्या वर्दळीने आजूबाजूची वनस्पती तुडवली गेली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने डोहाकडे जायला बंदी घातली. फोटो दिसला म्हणून जागा खुली आहे असं समजू नका.

प्लिटविट्से: पोहण्याचे कपडे घेऊन जाणं

क्रोएशियातली प्लिटविट्सेची १६ तळी एकाखाली एक, धबधब्यांनी जोडलेली. पाण्यातला चुना शेवाळावर आणि फांद्यांवर साचत जातो आणि त्याचेच नैसर्गिक बांध तयार होतात. तळी त्या बांधांमुळे उभी आहेत आणि ते पायाखाली भुगा होण्याइतके नाजूक असतात. म्हणून २००६ पासून इथे पोहायला पूर्ण मनाई आहे आणि चालायचं ते लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच. एका फोटोसाठी फळीवरून खाली पाय टाकणारे बघितले की जीव तुटतो.

तिकीट आधीच, ऑनलाइन घ्या. त्यावर प्रवेशाची वेळ असते. प्रवेशद्वारं दोन आहेत. क्रमांक एक खालच्या चार तळ्यांजवळ आणि ७८ मीटर उंच मोठ्या धबधब्याजवळ आहे, क्रमांक दोन वरच्या बारा तळ्यांना सोयीचं. बसमधून भलत्याच दारावर उतरलात तर पहिला तास चालण्यातच जातो. फक्त मोठा धबधबा बघून परतणं ही इथली नेहमीची चूक. कोझ्याक तळ्यावरची होडी तिकिटातच धरलेली असते, ती घेऊन वरच्या तळ्यांकडे जा. गर्दीही तिथे थोडी पातळ होते.

ब्राईएस: जुलैत गाडी घेऊन सरळ जाणं

इटलीतल्या डोलोमाइट पर्वतातलं लागो दी ब्राईएस १,४९६ मीटरवर आहे, फेरी जेमतेम साडेतीन किलोमीटरची. ऐन उन्हाळ्यात दिवसा खाजगी गाड्यांना पूर्वनोंदणीशिवाय आत सोडत नाहीत. खोऱ्यातल्या गावातून बस घ्या, तिचीही जागा आधी राखून ठेवा. पश्चिमेची वाट रुंद नि सोपी, पूर्वेच्या वाटेवर चढ-उतार आणि पायऱ्या. आजी-आजोबा किंवा बाबागाडी बरोबर असेल तर पश्चिमेने जाऊन त्याच वाटेने परत या.

हंगाम आणि पाणी

मे महिन्यात आपल्याकडे शाळांना सुट्टी असते म्हणून सहली मेमध्येच निघतात. ब्लेड, बोहीनच्या काठांना तो महिना उत्तम आहे. पण दीड हजार मीटरच्या वरच्या तळ्यांवर तेव्हा बर्फ असू शकतो. स्वित्झर्लंडमधलं १,५७८ मीटरवरचं ओएशिनेनझे मेपर्यंतही गोठलेलं राहू शकतं आणि निळं पाणी बघायला आलेल्यांना पांढरं मैदान दिसतं. उंच तळ्यांसाठी जूनचा शेवट ते सप्टेंबर हा काळ धरा. सप्टेंबर माझा आवडता: पाऊलवाटा कोरड्या, गर्दी उतरलेली, पाणी अजून पोहण्याजोगं. आणि स्लोव्हेनियातल्या त्सेर्कनित्साचं नाव यादीत असेल तर नीट वाचून जा. ते हंगामी तळं आहे. पाणी जमिनीखालच्या गुहांत उतरतं आणि कोरड्या उन्हाळ्यात तिथे फक्त कुरण उरतं.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर डोंगरात विजांसह वादळ येण्याची शक्यता असते. चढ सकाळी उरकावा, दुपार काठावर घालवावी. मेघगर्जना ऐकू आली की पाण्यातून आणि कड्याच्या टोकावरून लगेच बाजूला व्हा. पोहताना एकदम उडी मारू नका. थंड पाण्यात श्वास अचानक जोरात ओढला जातो आणि चांगला पोहणाराही गटांगळ्या खातो. हळूहळू उतरा. पडलातच तर हातपाय झाडण्याआधी पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या आणि मग काठाकडे वळा. या सगळ्या देशांत तातडीच्या मदतीचा क्रमांक एकच आहे: ११२.

खाणं आणि कागदपत्रं

शाकाहारी मंडळींनी रविवारचा विचार शनिवारीच करावा. स्लोव्हेनिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पेट्रोलपंपावर थोडंफार मिळतं, पण दिवसभर चालायला तेवढं पुरत नाही. ब्रेड, फळं, सुकामेवा आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा. घरचा चिवडा नि गूळपोळी असेल तर उत्तमच. साजूक तुपाची बरणी मात्र नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे.

क्रोएशियाला वेगळा व्हिसा लागतो असं अजून बरेचजण सांगतात. १ जानेवारी २०२३ पासून तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो आहे. अर्ज करायचा तो सगळ्यांत जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे. म्हणून आधी मुक्काम ठरवा, मग अर्ज भरा. आठवडाच हाताशी असेल तर मी असा बेत आखेन: तीन रात्री बोहीन, दोन ब्लेड, उरलेल्या दोन प्लिटविट्सेच्या प्रवेशद्वाराजवळच्या गावात. व्हिसा स्लोव्हेनियाचा. कोनिगझे आणि ब्राईएस पुढच्या खेपेला.