गेम स्ट्रीम करताना पीसी अडकतो? आधी तीन आकडे पाहा

"लॅग येतो" असं सगळेच म्हणतात, पण या एका शब्दात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. ती ओळखल्याशिवाय सेटिंगला हात लावाल तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गेम बूस्टर टाका, टेम्प फाईली पुसा, टास्क मॅनेजरमध्ये गेमची प्रायॉरिटी 'रिअलटाइम' करा, असले सल्ले सोडून द्या. शेवटचा तर घातकच आहे. रिअलटाइमवर ठेवलेला गेम विंडोजच्या स्वतःच्या कामांनाही वाट देत नाही आणि माऊसपासून आवाजापर्यंत सगळं अडखळतं.

ओबीएस स्टुडिओ, म्हणजे स्ट्रीम पाठवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडा. रोजचाच गेम लावून दहा मिनिटांची अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारी) स्ट्रीम चालवा. 'रेंडरिंग लॅग'चा आकडा वाढला तर ग्राफिक्स कार्ड थकलंय, 'एन्कोडिंग लॅग'चा वाढला तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) मागे पडतोय, 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढल्या तर नेट.

एन्कोडिंग लॅग आणि प्रोसेसर शंभर टक्के, ही जोडी सगळ्यात जास्त दिसते. ओबीएसच्या सेटिंगमधल्या आउटपुटमध्ये एन्कोडर एक्स२६४ असेल तर व्हिडिओ दाबण्याचं सगळं काम प्रोसेसरच करतो, वर गेमही त्याच्याच डोक्यावर. एनव्हिडिया कार्ड असेल तर एनव्हेन्क (कार्डातलाच एन्कोडर) निवडा, इंटेलचं अंगचं ग्राफिक्स असेल तर क्विकसिंक. पण खरेदी करताना पाहून घ्या: जीटी १०३० वर एनव्हेन्क नाही, आणि १२४००एफ सारख्या 'एफ' वाल्या इंटेल प्रोसेसरवर क्विकसिंक नाही. स्वस्तात बांधून मिळणाऱ्या पीसीत नेमकी हीच जोडी असली तर एक्स२६४ शिवाय गत्यंतर नाही. मग प्रीसेट (एन्कोडरच्या वेगाची पायरी) 'व्हेरीफास्ट', नाहीच पेललं तर 'सुपरफास्ट', आणि आउटपुट ७२० पी, ३० फ्रेम. १०८० पी मध्ये ७२० पी च्या सव्वादोनपट पिक्सेल असतात. चार कोअरच्या प्रोसेसरवर १०८० पी चा हट्ट धरू नका.

आता खरी मेख. एनव्हेन्क लावला, प्रोसेसर खाली आला, तरी स्ट्रीम अडकतेच. इथे बहुतेक जण एनव्हेन्कला शिव्या देऊन परत एक्स२६४ वर जातात. चूक. एन्कोडरचा भाग कार्डात वेगळा असला तरी त्याच्याकडे जाण्याआधी गेमचं चित्र, कॅमेरा, अलर्ट हे सगळं एकत्र रचण्याचं काम ओबीएस ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य भागावरच करतो. गेमने ते कार्ड ९९ टक्के खाल्लं असेल तर ओबीएसच्या वाट्याला काहीच उरत नाही. तुमच्या पडद्यावर गेम लोण्यासारखा चालतो, बघणाऱ्याला मात्र झटके. म्हणूनच हे लवकर लक्षात येत नाही.

पहिला उपाय: गेमच्या फ्रेमना लगाम. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घाला. त्याहून जास्त फ्रेम तो मॉनिटर पूर्ण दाखवूच शकत नाही. कार्डाचा वापर ८५-९० टक्क्यांवर येईपर्यंत सावल्या, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) उतरवत जा. प्रत्येक फ्रेमची तयारी प्रोसेसरलाच करावी लागते, त्यामुळे या लगामाने त्याचाही भार उतरतो. मग ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडा, म्हणजे विंडोज त्याला कार्डावर आधी जागा देतं. शक्य तिथे 'डिस्प्ले कॅप्चर' (अख्खा पडदा टिपणारा) ऐवजी 'गेम कॅप्चर' (फक्त गेम टिपणारा) वापरा. नाचणारे अलर्ट आणि ब्राउझर सोर्स कमी करा, एकेक सोर्स म्हणजे मागे चालणारं एकेक वेबपान. एवढं झाल्यावरच रेंडरिंग लॅगचा आकडा परत बघा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं ठीक आणि मग घसरण? ही उष्णता. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपला थंड हवा मिळणार कुठून. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये गेम चालू असताना 'स्पीड' हा 'बेस स्पीड'च्या खाली उतरत असेल तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच हळू होतोय, तिथे नुसत्या सेटिंगने भागत नाही. मागची बाजू उचलून ठेवा, जाळ्या साफ करा. चांगल्या बाजारभावाची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवला असेल तर तंतू पंख्यात हमखास अडकतात. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा ओला झोत थेट मशीनवर नको.

ड्रॉप्ड फ्रेम्ससाठी अपलोडचा वेग संध्याकाळीच मोजा, टॉवरवर गर्दी असताना. तीनदा मोजून सगळ्यात कमी आकड्याच्या साठ-सत्तर टक्के बिटरेट (स्ट्रीम दर सेकंदाला पाठवते तो डेटा) ठेवा, कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवण्याचं अंतर) २ सेकंद. मोबाईलचं नेट असेल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबल. २५०० केबीपीएस बिटरेटला आवाजासकट तासाला सुमारे १.२ जीबी जातं, रोजचा दीड जीबीचा पॅक सव्वा तासात साफ.

आणि लाइन गेली की बॅटरीवरचा लॅपटॉप आपोआप वेग कमी करतो. त्या वेळचे आकडे बघून काहीही बदलू नका, लाइन आल्यावर परत मोजा.